आगोटीच्या यादीत सायकल

आगोट म्हणजे काय, हे कोकणातल्या आमच्या वाचकांना सांगायला नको. मे महिना अर्धा सरला की घराघरांत याद्या निघतात. सुकी मच्छी, कांदे, मसाला, लाकडे, कौले चाळायला माणूस, पडवीला झड बांधायला ताडपत्री. दोन वर्षांपासून आमच्या घरच्या यादीत शेवटी एक ओळ जादा असते : ‘सायकली – दोन.’ ही ओळ धाकटीच्या अक्षरात असते. ती तिथे कशी आली, त्याची हकिगत आज सांगायची आहे. हकिगत थोडी शरमेची आहे. पण या पानावर आम्ही आजवर आपली फजिती झाकलेली नाही, तेव्हा आताही नाही.

पहिली सायकल आमच्या अब्बांची. काळी, बावीस इंची, दांडी ब्रेकची ॲटलास. अब्बा तिच्यावरून पहाटे मिरकरवाड्याला मच्छी आणायला जात आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला पुढच्या दांडीवर बसवून भाट्याच्या पुलापर्यंत नेत. त्यांच्या इंतकालानंतर ती पडवीत भिंतीला टेकून राहिली. टायर बसले, चेन लाल झाली, कॅरिअरवर कोंबडी अंडी घालू लागली. कोणी भंगारवाला दारात आला की मुलांची अम्मी आमच्याकडे बघायची आणि आम्ही दुसरीकडे बघायचो.

दुसरी सायकल धाकटीची. ती आठवीत गेली तेव्हा कुवेतच्या मामूंनी पैसे पाठवले आणि तिने मोबाइलवर बघून बघून गिअरवाली सायकल मागवली. चार दिवसांनी दारात एक भलेमोठे चपटे खोके आले. माहितीत लिहिले होते की सायकल ८५ टक्के जोडलेली आहे. उरलेले १५ टक्के कोणी जोडायचे, हे लिहिलेले नव्हते.

आमच्या मोहल्ल्यात सायकलवाले चाचा आहेत. आमच्या वयाच्या कित्येकांना त्यांच्याच दुकानातल्या तासावरच्या सायकलींनी गुडघे फोडून दिले आहेत. तेव्हा दुकानाबाहेर पंधरा-वीस सायकली ओळीने उभ्या असत आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून चाचा वहीत वेळ लिहीत. आता दुकान असरनंतर तासभर उघडते, तेही सवयीने. खोके घेऊन गेलो तर त्यांनी आत डोकावून पाहिले आणि झाकण परत लावले. म्हणाले, “हे गिअरचं मला नको सांगू, बाबा. नजर राहिली नाही. बारीक स्क्रू दिसत नाहीत. आणि खरं सांगू का, हे मी कधी केलंच नाही.” त्यांच्या तोंडून हे ऐकताना आम्हालाच अवघडल्यासारखे झाले. खोके घेऊन घरी आलो आणि त्या रात्री मोबाइल उघडला.

मोबाइलवर सगळे आहे. हिंदीत आहे, इंग्रजीत आहे, हल्ली मराठीतही सापडते. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात पार्क टूल नावाची कंपनी आहे. १९६३ पासून ती सायकलची हत्यारे बनवते, आणि तिचे कॅल्विन जोन्स नावाचे शिक्षक शांतपणे एकेक नट दाखवून समजावतात. पांढरे टेबल, स्वच्छ हात, नवी कोरी सायकल. पाना लावला की नट फिरतो. आम्ही पाहत गेलो आणि आपल्याला हे येते असे वाटू लागले. वाचकहो, दुसऱ्याला पोहताना पाहून आपल्याला पोहता येते असे वाटण्याचाच हा प्रकार आहे, फक्त भाट्याच्या खाडीऐवजी आपल्या पडवीत.

पुढचे चाक लागले, सीट लागली, हँडल लागले. उजवे पॅडल लागले. डावे लागेना. उजवे ज्या बाजूला फिरवून बसले त्याच बाजूला आम्ही डावेही फिरवत होतो. ते अडत होते, म्हणून जोर लावला. मोठा पाना आणून आणखी जोर लावला. एक बारीकशी चुरचुर ऐकू आली आणि पॅडल आत गेले, वाकडे. क्रँक ॲल्युमिनियमचा होता, पॅडलचा दांडा पोलादाचा. कोणाचे आटे तुटले हे सांगायला नको. नवा डावा क्रँक कोल्हापूरहून मागवावा लागला आणि तो येईपर्यंत धाकटी रोज शाळेतून येऊन खोक्याकडे पाहायची, आमच्याकडे नाही.

पॅडलच्या दांड्यावर ‘आर’ आणि ‘एल’ ही अक्षरे कोरलेली होती. व्हिडिओतल्या माणसाने तेही सांगितले होते. आम्ही तो भाग पुढे पळवला होता.

डाव्या पॅडलचे आटे उलटे का, हे कळायला मग आम्हाला एक आठवडा लागला. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचे वरचे टोक दुसऱ्या हाताच्या बोटाने गोल फिरवा. पेन्सिल मुठीच्या आत स्वतःभोवती फिरू लागते, आणि ती बोटाच्या उलट दिशेने फिरते. पाय मारताना पॅडलवरचा भार असाच दांड्याभोवती गोल फिरतो आणि दांडा क्रँकच्या भोकात किंचित किंचित सरकत राहतो. दोन्ही बाजूंचे आटे सारखेच ठेवले तर डावे पॅडल चालता चालता सुटून पडेल. म्हणून ते उलटे. हा पेन्सिलचा खेळ आम्ही शेल्डन ब्राउन यांच्या लिखाणातून उचलला. ते बोस्टनच्या बाजूचे सायकल मेकॅनिक. २००८ मध्ये वारले, पण सायकलच्या नटबोल्टवर त्यांनी जे लिहून ठेवले त्यावर आजही जगभरचे नवशिके पोसले जातात. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे. पॅडल कोणतेही असो, पान्याचे वरचे टोक सायकलच्या तोंडाकडे ढकलले की ते घट्ट होते, मागे ढकलले की सुटते. ही एक ओळ त्या दिवशी ठाऊक असती तर क्रँकचे पैसे वाचले असते.

सायकल शेवटी उभी राहिली. आम्ही मोठ्या दिमाखात चाचांच्या दुकानावरून नेली. चाचांनी लांबूनच विचारले, “हिचा पुढचा चिमटा उलटा का?” आम्ही फोर्क मागे वळलेलाच ठेवून हँडल कसले होते. ब्रेक आतल्या बाजूला गेले होते. दुकानाबाहेर बसलेली चार माणसे हसली, त्यात आमचे एक व्याहीही होते.

या सगळ्यात मुलांची अम्मी एक वाक्य बोलली, ते आम्ही विसरलेलो नाही. “व्हिडिओ पुढे पळवता येतो, म्हणून तुमचं असं होतं. पुस्तक वाचा.”

आमचा भाचा पुण्यात शिकतो. त्याने जुन्या पुस्तकांच्या ढिगातून रिचर्ड बॅलंटाइन यांचे ‘रिचर्ड्स बायसिकल बुक’ आणून दिले. हे पुस्तक पहिल्यांदा १९७२ मध्ये निघाले. त्यात सायकल घ्यावी कशी, चालवावी कशी हे आहे आणि दुरुस्तीचा मोठा भाग आहे. छायाचित्रांपेक्षा रेखाटने जास्त. आजच्या टकटक वाजत बदलणाऱ्या गिअरची त्यात काही माहिती नाही, कारण ते रूढ झाले १९८० नंतरच्या दशकात. धाकटीच्या सायकलसाठी पुस्तक निम्मे निरुपयोगी निघाले. पण रात्री पाने चाळता चाळता एका ठिकाणी आम्ही थांबलो. कॉटरने बसवलेला क्रँक. तीच तिरपी कापलेली खुंटी, एका बाजूने ठोकायची, दुसऱ्या बाजूने नट. अब्बांच्या सायकलची. मोबाइलवर आम्ही ती शोधली होती तेव्हा फारसे काही हाती लागले नव्हते. नव्या सायकलला मोबाइल आणि जुन्या सायकलला जुने पुस्तक, अशी वाटणी आमच्या घरात त्या रात्री झाली. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

ॲटलास कंपनी १९५१ मध्ये हरयाणातल्या सोनीपतला सुरू झाली. तिच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम ३ जून २०२० रोजी थांबले. संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस जागतिक सायकल दिन ठरवलेला आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातली, विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांची घडीची सायकलही आहे. सुट्टीत मुलांना घेऊन गेलो होतो. धाकटी तिथे सायकलींपेक्षा त्यांचे ब्रेक पाहत होती, आणि त्याला कारण होते.

ते कारण सांगायचे आम्ही पुढे ढकलत आलो आहोत.

ऑगस्टमधली गोष्ट. रत्नागिरीचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि वारा येतो तो समुद्रावरून मीठ घेऊन. नवी चेन पंधरा दिवसांत तांबूस झाली. आम्ही व्हिडिओ पाहिला, गंज सोडवायच्या फवाऱ्याचा डबा आणला आणि एका रविवारी चेनवर, गिअरवर, जिथे जिथे लाली दिसली तिथे तिथे फवारा मारला. वर शिलाई मशिनचे तेल सोडले. सायकल चकाकू लागली. आम्ही खूश.

सोमवारी सकाळी धाकटी निघाली. आमचे घर वरच्या सपाटीवर, शाळा खाली. रत्नागिरीत राहणाऱ्याला उतार चुकत नाही. बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिने मागचा ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. आणखी दाबला. थांबली नाही. समोर भाजीची गाडी होती. तिने हँडल वळवले आणि जांभ्याच्या गडग्यावर जाऊन आदळली. कोपर सोलले, हनुवटीला तीन टाके. डॉक्टर म्हणाले, दात वाचले हे नशीब.

मागच्या चाकाच्या रिमवर तेल होते. ब्रेकचे रबर ज्या पट्टीला घासून चाक थांबवते, नेमके तिथे. तो फवारा आम्हीच मारला होता. व्हिडिओतल्या माणसाने रिमवर कापड धरायला सांगितले होते की नाही, हे आम्ही नंतर पुन्हा लावून पाहिले. सांगितले होते.

एवढेच असते तरी एक वेळ चालले असते. पुढचा ब्रेक तर ठीक होता. मग तिने तो का दाबला नाही? कारण आम्ही तिला बजावले होते, “पुढचा ब्रेक दाबायचा नाही, डोक्यावर पडशील.” आम्हालाही लहानपणी असेच बजावले होते, अनेक घरांत आजही बजावतात. हे अर्धेच खरे आहे. उतारावर पुढचा ब्रेक एकाएकी आवळला तर धोका आहे. पण सायकल थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबायचे, आणि ओल्या रस्त्यावर एरव्हीपेक्षा लवकर दाबायला सुरुवात करायची, ही रीत आहे. आम्ही मुलीला एक ब्रेक वापरू नको सांगितले होते आणि दुसऱ्याला तेल पाजले होते.

रात्री दादीने, म्हणजे आमच्या अम्मीने, निकाल दिला : सायकल विकून टाका, मुलीला रिक्षा लावा. आम्ही मान हलवली. खरे तर आम्हालाही तेच सोपे वाटत होते. हनुवटीला पट्टी लावलेली धाकटी दारात उभी होती. तोंड नीट उघडत नव्हते. म्हणाली, “अब्बा, विकू नका. सायकल खराब नाहीये. तेल पुसायचंय.”

दुसऱ्या दिवशी असरनंतर सायकल घेऊन चाचांकडे गेलो. या वेळी मिरवत नाही. चाचांनी रिमवरून बोट फिरवले, बोटाचा वास घेतला. आमच्यावर आवाज चढवला नाही, त्याचेच जास्त लागले. म्हणाले, “तेल चेनला पाजतात. सायकलला आंघोळ घालत नाहीत.”

मग त्यांनी आमच्याकडून करून घेतले. रिम साबणाच्या पाण्याने दोनदा घासली, कोरड्या फडक्याने पुसली. ब्रेकचे रबर काढून पॉलिश पेपरवर घासले. आतपर्यंत तेल मुरलेले निघाले, तेव्हा दोन्ही टाकून नवे घातले. चेन फडक्यात धरून उलटी फिरवत पुसली, फडके तांबडे-काळे झाले. आपल्याकडे जांभ्याची धूळ असते. जास्तीचे तेल ती धरून ठेवते आणि चेनमध्ये तिचा पॉलिश पेपर तयार होतो. म्हणून प्रत्येक कडीवर एकच थेंब, दहा मिनिटे थांबून वरचे सगळे पुसून टाकायचे. चेनला बाहेरून तेल लागत नाही, ते आत, खिळ्यापाशी लागते. आमच्या घरांत हाताशी असते म्हणून खोबरेल सोडायची सवय आहे. ते महिन्याभरात चिकट होते, मग धुळीचे काय होते ते वर सांगितलेच.

चेन झिजली की नाही हे पाहायला धाकटीच्या कंपासपेटीतल्या फूटपट्टीने काम भागते. पट्टीची शून्याची रेघ चेनच्या एका खिळ्याच्या मधोमध धरायची. चेन नवी असेल तर १२ इंचांच्या रेघेवर बरोबर दुसरा खिळा येतो. तो रेघेच्या पुढे इंचाचा सोळावा भाग गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग गेला असेल तर चेनबरोबर दातेरी चकत्याही खाल्ल्या गेल्या, खर्च वाढला. हे मात्र मोबाइलवरून आलेले ज्ञान. चाचांना सांगितले तर त्यांनी पट्टी मागून घेतली, दुकानातल्या एका जुन्या चेनवर लावून पाहिली आणि म्हणाले, “मी बोटावर ओढून बघायचो. हे बरं आहे.”

त्या दिवसापासून जाणे-येणे सुरू झाले. दर जुम्याला असरनंतर आम्ही आणि धाकटी चाचांच्या दुकानात. सप्टेंबरात अब्बांची सायकल नेली. चाचांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. “भाईंची,” एवढेच म्हणाले, आणि मग, “ओव्हरऑइलिंगला टाका.”

हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सायकल ओव्हरऑइलिंगला टाकली म्हणजे दोन दिवस पायी. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, सगळे खोलून साफ करून परत जोडणे. पण आपल्या दुकानांत त्याचे ओव्हरऑइलिंग झाले आणि आमच्या मते तेच बरे झाले, निदान काम काय आहे ते कळते. (फक्त आमच्यासारख्याने ते शब्दशः घेऊ नये.)

चाके काढली. मागच्या हबचा कोन सैल केला, आणि आतून करड्या चिखलात बसलेले छर्रे निघाले, एका बाजूचे नऊ, दुसऱ्या बाजूचे आठ. नववा कुठे गेला? चाचा म्हणाले, कधीचाच गेला असेल, भाईंनी तसेच चालवले. जुन्या डब्यात थोडे डिझेल घेऊन छर्रे धुतले. चकाकणारे ठेवले, खड्डे पडलेले फेकले. नवे घेताना सगळे एकाच मापाचे घ्यायचे, जुने-नवे मिसळायचे नाहीत, नाहीतर जो सर्वांत मोठा त्याच्यावर सगळा भार. हबच्या वाटीत ग्रीस भरायचे, त्यात एकेक छर्रा रोवायचा. ग्रीसच त्यांना धरून ठेवते. धाकटीने पुढच्या चाकाचे दहा-दहा छर्रे बसवले तेव्हा तिची जीभ बाहेर आली होती, रांगोळीचे ठिपके काढणाऱ्या पोरीसारखी.

यापुढचे काम कोणत्याही व्हिडिओने आम्हाला शिकवले नसते. कोन किती कसायचा? जास्त कसला तर चाक जड फिरते, छर्रे खातात. सैल ठेवला तर चाक डगडगते. मधली जागा पान्याच्या एक अष्टमांश फेऱ्याइतकी. चाचांनी धाकटीचा हात दांड्यावर ठेवला, चाक फिरवले. “काय लागतं?” ती म्हणाली, “खरखर.” त्यांनी कोन केसभर सोडला. “आता?” “गुळगुळीत.” “हलवून बघ.” “नाही हलत.” “हे लक्षात ठेव.” मग चाक उचलून धरले आणि सोडून दिले. ते थोडे फिरले, ट्यूबच्या व्हॉल्व्हची बाजू स्वतःच्या वजनाने खाली आली, पुढे गेली, मागे आली, झोपाळ्यासारखी झुलत झुलत थांबली. एवढ्याशा व्हॉल्व्हच्या वजनाला जे चाक मान देते त्याचा कोन बरोबर, असे चाचांचे गणित. पुढे आम्ही ते बॅलंटाइनच्या पुस्तकात शोधत बसलो नाही.

उलटेही घडले. धाकटीच्या सायकलचे गिअर अडू लागले. तिसऱ्यावर टाकले की चेन चौथ्यावर उडी मारायची. चाचांनी चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. “थांबव. परत दाखव.” तिने परत दाखवले. “तो गोल खटका फिरवतो तो कुठे आहे आपल्याला?” केबल जिथे गिअरमध्ये शिरते तिथला तो छोटा दट्ट्या तिने बोट लावून दाखवला. ती वाचून सांगायची, चाचा फिरवायचे, अर्धा फेरा, मग पाव फेरा, आणि तिने पॅडल फिरवून गिअर बदलायचा. सहाव्या-सातव्या वेळी आवाज बंद झाला. चाचांनी गिअर खालीवर करून पुन्हा पुन्हा ऐकले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नवी गोष्ट जमल्याचा आनंद कसा दिसतो, तो आम्ही त्या संध्याकाळी पाहिला.

मोहल्ल्यात थोडी कुजबुज झाली, ती लपवत नाही. एका बाजीने मुलांच्या अम्मीला विचारले, मुलीच्या हाताला ग्रीस शोभतं का? अम्मीने उत्तर दिले, “मसाल्याचा हात निघतो तसा ग्रीसचाही निघतो. बेसन लावते ती.” या निमित्ताने तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची आठवण द्यावीशी वाटते. १९९१ च्या सुमारास तिथल्या साक्षरता मोहिमेत बायकांना अक्षराबरोबर सायकलही शिकवली गेली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती कल्पना उचलून धरली. हजारो ग्रामीण बायका सायकलवर बसल्या, त्यांत मुस्लिम मुलीही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, पोरांना शाळेत सोडणे, यासाठी कोणाची वाट पाहावी लागेनाशी झाली. आमचे म्हणणे एवढेच की ज्या सायकलसाठी पंक्चर झाल्यावर कोणाची तरी वाट पाहावी लागते ती अजून पुरती आपली झालेली नसते.

पंक्चरचे म्हणाल तर ते घरी काढायला शिकणे सर्वांत सोपे, आणि आम्ही त्यातही चुकलो. पहिले पंक्चर काढले, ठिगळ लावले, हवा भरली, सकाळी पुन्हा फुस्स. ठिगळ शाबूत, शेजारी नवे भोक. काटा टायरमध्येच होता. ट्यूब बाहेर काढली की टायरच्या आतून फडके फिरवायचे, बोट नव्हे. फडके अडकते तिथे काटा. सोल्युशन लावल्याबरोबर ठिगळ चिकटवायचे नाही. ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबायचे आणि मगच दाबायचे. टायर परत चढवताना शेवटचा भाग अवघड जातो. तिथे स्क्रू ड्रायव्हर घातलात तर ट्यूबला दोन नवी भोके, सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी. अंगठ्यांनी चढवा. आणि काळ्या सायकलची हवा रोज थोडी थोडी जात असेल तर आधी पंक्चर शोधू नका, व्हॉल्व्हवरची ती बारीक रबरी नळी पाहा. ती फाटली की हवा जाते, आणि नळी चार आण्यांची गोष्ट, म्हणजे आमच्या लहानपणी होती.

चाकाचा आऊट काढणे मात्र आम्हाला अजून जमलेले नाही. अब्बांच्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा. एक कसली की रिम इकडे येते, समोरची कसली की तिकडे जाते, इतपत समजले. पण तारेची टोपी टायरच्या बाजूने पाहिली तर एका दिशेला आवळते आणि आपण पाहतो हबच्या बाजूने, तेव्हा सगळे उलटे दिसते. एकदा आम्ही तासभर बसून मागचे चाक पापडासारखे करून ठेवले. चाचांनी ते वीस मिनिटांत सरळ केले, गप्पा मारत. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी कधी फिरवायचे नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितले. धाकटीला जमते. आम्ही तो नाद सोडला आहे.

आता आगोटीची यादी. पाऊस लागण्याआधी सीटची नळी काढून तिला ग्रीस लावून परत घालायची, नाहीतर मिठाच्या हवेत ती फ्रेमला अशी धरते की पोरगी वाढते आणि सीट वाढत नाही. पॅडल काढून आट्यांना ग्रीस, तेच कारण. ब्रेकचे रबर पाहायचे. त्यातल्या खाचा बुजल्या असतील तर नवे. केबलचे टोक उसवले असेल तर नवी. रोज पावसातून आल्यावर रिम आणि चेन कोरड्या फडक्याने पुसायची, एवढ्याने निम्मे काम होते. हत्यारे फार लागत नाहीत. चाकाच्या नटांना १५ नंबरचा पाना, गिअरवालीसाठी ४, ५ आणि ६ नंबरच्या षटकोनी चाव्या, टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, पंप, ठिगळे, सोल्युशन. बाकी घरात जुनी बनियने असतातच. आणि ब्रेक दुरुस्त केल्यावर पहिली फेरी सपाटीवर, अंगणात, आपण स्वतः मारायची. मुलाला उतारावर नंतर पाठवायचे. आम्ही हे क्रमाने शेवटी लिहिले, तुम्ही आधी करा.

यंदाच्या यादीत धाकटीने ‘सायकली – दोन’च्या खाली आणखी एक ओळ लिहिली आहे : ‘चाचांना जवळचा चष्मा.’ तिचे म्हणणे, नंबर बदलला आहे, ते सांगत नाहीत. चष्म्याचे पैसे ती ईदीतून देणार आहे.

गेल्या जुम्याला दुकानात गेलो तर बाहेर एक गिअरवाली उभी होती, वरच्या आळीतल्या कोणा मुलाची. चाचा तिच्यासमोर स्टुलावर बसले होते. धाकटीला पाहून त्यांनी पाना पुढे केला. “डावं पॅडल काढ. माझ्या हाताला नाही येत.” तिने पाना लावला, वरच्या टोकावर तळहात ठेवला आणि सायकलच्या मागच्या बाजूला ढकलले. कर्र करून आवाज आला आणि पॅडल सुटले. तिने ते चाचांच्या हातात दिले. आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.